पाहुण्यांची कार्ट, तिसरा टप्पा: सेशनमधून टेबलात

ऑनलाइन दुकानात लॉगिन न केलेल्यांची कार्ट आता सेशनवर (सर्व्हरवर ठेवलेल्या भेटीपुरत्या डेटावर) अवलंबून नाही. पीएचपीत सेशनची मूळ मुदत १४४० सेकंद असते. २४ मिनिटं उलटली की सफाई कधीही होऊ शकते. ब्राउझरमधल्या लोकल स्टोरेजमध्ये जागा भरपूर, पण तिथला डेटा सर्व्हरला आपसूक मिळत नाही आणि सफारी सात दिवस वावर नसलेल्या साइटचा डेटा पुसून टाकते.

सध्याची रचना अशी: ब्राउझरकडे फक्त टोकन (कार्ट ओळखायची गुप्त खूण), बाकी सगळं डेटाबेसात. ३२ रँडम बाइट्स, बेस६४-यूआरएलमध्ये ४३ अक्षरं. टेबलात टोकनचा शा-२५६ हॅशच (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असा ठसा) ठेवायचा, म्हणजे बॅकअप फुटला तरी त्यातून कुणाची कार्ट उघडता येत नाही. टोकनची कुकी सर्व्हरनेच लावायची: एचटीटीपी-ओन्ली (जावास्क्रिप्टला न दिसणारी), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाणारी), सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत न जाणारी), मुदत ६० दिवस. आयटमच्या टेबलात कार्ट आयडी, व्हेरियंट (वस्तूचा ठरावीक रंग-माप) आयडी आणि नग, पहिल्या दोघांवर मिळून युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी दोनदा येत नाही. किंमत तिथे ठेवायचीच नाही, दर वेळी कॅटलॉगमधून काढायची.

सगळ्यात चिवट अडचण पहिल्या क्लिकची. कुकी अजून नाही आणि पाठोपाठ दोन वस्तू टाकल्या, तर दोन्ही रिक्वेस्ट टोकनशिवाय पोचतात. सर्व्हर दोन कार्ट बनवतो, ब्राउझरकडे नंतर आलेली कुकी टिकते आणि एक वस्तू गायब होते. युनिक इंडेक्स इथे कामाचा नाही, कारण कार्ट आयडीच वेगळे. पान उघडतानाच टोकन द्यावं, तर प्रत्येक बॉटमागे (आपोआप पानं उघडणाऱ्या प्रोग्रॅममागे) टेबलात एक रो वाढते आणि पानांचं कॅशिंगही बिघडतं. म्हणून कार्टच्या रिक्वेस्ट ब्राउझरच्या वेब लॉक्स एपीआयने रांगेत लावल्या आहेत. एका वेळी एकच जाते, आणि हे कुलूप एकाच साइटच्या सगळ्या टॅबना लागू होतं, त्यामुळे दुसऱ्या टॅबमधला क्लिकही थांबतो.

लॉगिनवेळचं मर्ज, म्हणजे पाहुण्याची कार्ट खात्याच्या कार्टमध्ये मिसळणं, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच नाही): पाहुण्याच्या कार्टची रो लॉक, मग अपसर्ट (नोंद असेल तर बदल, नसेल तर नवी), मग ती रो डिलीट. तीच वस्तू दोन्हीकडे असेल तर बेरीज नको, मोठा आकडा घ्यावा. फोनवर एक आणि लॅपटॉपवर एक टाकणाऱ्याला बहुधा एकच हवी असते. रो डिलीट झाल्यामुळे पुन्हा लॉगिन केलं तरी तोच माल परत मिसळत नाही. कुकी काढताना पाथ आणि डोमेन लावतानाचेच द्या, नाहीतर ती जागची हलत नाही.

पेमेंट गेटवे दुसऱ्या डोमेनवरून पोस्टने परतला की लॅक्स कुकी सोबत येत नाही. त्या पानावर कार्ट शोधू नका. गेटवेची सही तपासून ऑर्डर क्रमांकावरून पुढे जा.

जुन्या कार्टची सफाई रात्री, हजार-हजार रोच्या तुकड्यांत, शेवटच्या बदलाच्या तारखेवर इंडेक्स लावून. किंमत बदलल्याची सूचना दाखवणं अजून बाकी आहे.