ताईचा टाळ

फलटण सोडलं आणि दुपारी डाव्या टाचेचा फोड टरारून आला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दिंडी पुढे गेली, मी मागे पडले आणि मला ताईचा राग आला. दरवर्षी वारीहून आली की म्हणायची, "पुढच्या खेपेला तुला नेते." आणि २०२४ च्या दिवाळीआधीच गेली. नात्याने मावसबहीण, पण आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. पाचवीपासून मी मावशीकडे; एका पांघरुणात वाढलो आम्ही दोघी.

बाभळीखाली टेकले. परभणीकडच्या एक आजी थांबल्या. काही न विचारता त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. वारीत सगळेच माउली, तरी इतक्या वडीलधाऱ्या बाईच्या मांडीवर पाय द्यायला जीव धजेना. "लाजू नको माय." काडी ओढून सुई जाळावर धरली, दोरा ओवला, फोडातून आरपार नेला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून तोडला, म्हणजे पाणी झिरपत राहतं. वरून खोबरेल, हळद. "तंवर हरिपाठ म्हण."

लहानपणी पायातला काटा काढताना ताई म्हणायची, "सतराचा पाढा म्हण."

दुसऱ्या अभंगालाच माझा आवाज फुटला. आजींना वाटलं, दुखतंय. त्यांनी फुंकर घातली. नाव विचारायचं राहिलं, आणि पुढच्या वळणावर त्या त्यांच्या दिंडीत मिसळून गेल्या.

बरड, नातेपुते कसं गेलं आठवत नाही. राहुटीत पाणी शिरलं. टँकरपाशी मी एका बाईशी कडाकडा भांडले आणि रात्री तिच्याच शेजारी झोपले. एके सकाळी ताटीचे अभंग लागले आणि माझे पाय अडखळले. तिथे मुक्ताई धाकटी, दार लावून बसलेल्या ज्ञानोबांना विनवणारी. आमच्याकडे उलटं. मी रुसून माडीवर कडी लावून बसायचे. ताई दाराबाहेर बसून भाकरीत गूळ-तूप कुस्करायची, एक अक्षर न बोलता. वास आला की मीच कडी काढायचे.

वेळापूरला समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला. सगळा तळ एकदम गप्प; अशा वेळी टाळ वाजवत राहते ती फक्त तक्रार असलेली दिंडी. माझ्या हातातला ताईचा टाळ मात्र वाजला. दोनदा. माना वळल्या, कुठल्या दिंडीची तक्रार आहे? आमच्या वीणेकरी बुवांनी हातानेच 'काही नाही' म्हणून खुणावलं. टँकरवाल्या त्या बाईने माझी दोन्ही मनगटं घट्ट धरली आणि आरती संपेपर्यंत सोडली नाहीत.

वाखरी झाली, पंढरी आली, कळस दिसला. चंद्रभागेत टाळ धुताना त्याची नाडी सुटली. ताईच्या जुन्या परकराची ती नाडी, विटून पांढरी पडलेली. ओल्या वाळूत बसून, ती मारायची तशी दुहेरी गाठ मारली.