लोलाबाईंचा पब

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातली मधाच्या रंगाची गावं बघून झाली. सुंदर आहेत, वाद नाही, पण गर्दी इतकी की प्रत्येक फोटोत कुणाची तरी पाठ. त्यामुळे एव्हशॅमजवळच्या ब्रेटफर्टनला शांत रस्ता दिसल्यावर जीव भांड्यात पडला.

इथलं 'द फ्लीस इन' हे मुळात पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर. १८४८ मध्ये त्याचा पब झाला. सगळा भार ओकच्या खांब-तुळयांवर. भिंती नुसत्या मधल्या चौकटी भरायला. अशा घरांत त्या जुन्या काळी काड्यांच्या विणीवर माती, शेण आणि पेंढा लिंपून करत. म्हणजे आपल्या कोकणातला कूडच की! सांध्यांना खिळा नाही. एका लाकडाच्या टोकाला जीभ, दुसऱ्यात खाच आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. भोकं मुद्दाम किंचित चुकवून पाडतात, मग खुंटी ठोकली की सांधा आवळला जातो. एका खुंटीचं डोकं जरा बाहेर आलेलं होतं. बोट फिरवलं तर ओबडधोबड, कडा अजून लागतात. लाकूड ओलंच वापरायचे आणि ते जागच्या जागी वाळत पिळायचं, म्हणून इथे सरळ रेष शोधू नका. आमच्या उंच नवरोबांनी तुळईचा अभ्यास कपाळाने केला.

चुलाण्यासमोरच्या दगडी फरशीवर खडूची पांढरी वर्तुळं आहेत. धुराड्यातून चेटकिणी उतरू नयेत म्हणून! फोटोवाले सगळे तिथेच वाकलेले. डोक्यावरच्या तुळयांकडे बघायला कुणाला वेळ नाही, याचा मला रागच आला.

हे घर शेवटपर्यंत एकाच कुटुंबाकडे होतं. शेवटच्या मालकीण लोला टॅपलिन १९७७ मध्ये वारल्या आणि त्यांनी ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं. २००४ मध्ये छपराचं गवत पेटलं, तरी दुरुस्ती होऊन पुढच्या वर्षी पब पुन्हा उघडला. लोलाबाईंची एक अट मात्र प्रसिद्ध आहे: इथे पाकिटातले बटाटा वेफर्स विकायचे नाहीत. जुन्या वास्तूचं जतन वगैरे ठीक, पण भुकेल्या लेकीला हे समजावणार कोण? तिचा चेहरा बघून काउंटरवरच्या मुलाने गरमागरम फ्राइजची बशी आणून ठेवली. त्या चालतात म्हणे.