विकायची खोड

सोलापुरात बहुतेक घरांत कुणी ना कुणी काहीतरी बनवत असतं. 1877 साली इथं पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला पुढं सगळं गाव जुनी मिल म्हणायला लागलं, आणि मग गिरण्या, हातमाग, यंत्रमाग असं करत करत गावाच्या हाताला ती सवयच लागली. गिरण्या बंद पडल्या, सवय राहिली. पूर्व भागातून आजही चालत गेलात तर एका दारातून मागाचा खडखडाट येतो, दुसऱ्या दारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात, तिसऱ्या घरात शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे लागलेले असतात. आमच्याही घरात बाबा गिरणीत साचेखात्यात, आई शिलाई मशीनवर आणि परसात काकांचे दोन माग. या सगळ्यांत काहीही न बनवणारी मी एकटीच निघाले. मला विकता येतं. तेवढंच येतं.

बाबांना हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही. "पण तू करतेस काय नेमकं?" ते विचारायचे. कापड विणलं की कापड दिसतं, ब्लाउज शिवला की ब्लाउज दिसतो. विकल्यावर काय दिसतं? होती ती वस्तूसुद्धा गेलेली असते!

सुरुवात जुन्या पुस्तकांपासून झाली. 1 मेला शाळेचा निकाल लागला की गल्लीतली पोरं आपली पुस्तकं खालच्या वर्गातल्यांना निम्म्या किमतीत द्यायची. हे व्यवहार आयांच्या मध्यस्थीनं, फार संकोचात व्हायचे. मी तो संकोच माझ्याकडं घेतला. कुणाकडं कुठलं पुस्तक आहे, कव्हर आहे का, शाईचे डाग किती, सगळं तोंडपाठ. गणिताच्या पुस्तकात उदाहरणांपुढं पेन्सिलीनं उत्तरं लिहिलेली असली की विकणारा कानकोंडा व्हायचा, खोडरबर शोधायला लागायचा. मी म्हणायचे, थांब, खोडू नकोस. ते पुस्तक पाऊण किमतीला जायचं. समोरच्या घरातला मुलगा दारात उभा राहून ओरडायचा, "काय करूलालीस बे, दुकान टाकलीस का?" शेवटी त्याचीही पुस्तकं माझ्याकडंच आली. दलाली म्हणून पेरू, बोरं, कधी चार आणे. आईला हे आवडायचं नाही, पण माझ्या धाकट्या भावाची पुस्तकं कायम सर्वांत कमी डागांची असायची, त्यामुळं ती गप्प बसायची.

माझं खरं शिक्षण मात्र गड्ड्यावर झालं. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिलाच आम्ही गड्डा म्हणतो. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, अक्षता सोहळा होतो आणि होम मैदानावर पाळणे आणि दुकानं लागतात. बाकीची पोरं पाळण्याकडं पळायची. मी किसणीवाल्यापुढं उभी. एका फळीवर गाजरं, काकड्या, मुळे, बटाटे मांडलेले आणि हातात ते पत्र्याचं हत्यार. तो कुणाला बोलवायचा नाही. वर बघायचासुद्धा नाही. मान खाली घालून कापत राहायचा. मुळ्याचं फूल व्हायचं, काकडीची लांबच लांब साखळी निघायची. दोघं थांबले की चार थांबतात, चार थांबले की मागचे टाचा उंच करतात. कडं पूर्ण मिटलं की मगच तो डोकं वर करायचा आणि समोर सर्वांत मागं-मागं सरणारी जी बाई असेल, तिच्या हातात किसणी द्यायचा. "पैशाचं राहू द्या ताई, कापून तर बघा." तिनं एकदा कापलं आणि तिच्या हातूनही फूल झालं की संपलं. तिला जमलं म्हणजे सगळ्यांना जमणार.

घरी गेल्यावर ते फूल कुणालाच जमायचं नाही, हा भाग वेगळा. आमच्या घरात अशा किती किसण्या जमल्या होत्या आणि एकीनंही कधी मुळ्याचं फूल केलं नाही. तरी दर गड्ड्याला आई एक घ्यायचीच. ती फसायची असं मला अजूनही वाटत नाही. तो दहा मिनिटं तिला जे दाखवायचा, त्याचे ते पैसे होते.

काकांना नेमकं हेच जमायचं नाही. बनवणाऱ्याला आपल्या मालातली खोट आधी दिसते. व्यापारी आला की काका टॉवेल हातात घेऊन पहिलं वाक्य बोलायचे, "इथं बघा, जरा एक तार सुटलीय." व्यापारी लगेच भाव पाडायचा, काकू आत कपाळाला हात लावायची. मी कॉलेजात असताना तेच टॉवेल ओळखीच्या घरांत विकायला सुरुवात केली आणि काकांचं तेच वाक्य वापरलं. गंमत म्हणजे घरगुती गिऱ्हाईक त्यावर खूश व्हायचं. जी मुलगी स्वतःहून सुटलेली तार दाखवते, ती बाकीचं कशाला लपवेल? व्यापाऱ्याला तोट्यात नेणारं वाक्य बैठकीच्या खोलीत फायद्याचं ठरलं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग मी खरं बोलत होतो ते काय चुकीचं होतं?" चुकीचं नव्हतंच. फक्त चुकीच्या माणसापुढं होतं.

बी.कॉम. झाल्यावर घरात एकच विषय, बँक. त्या काळात बँकेत लागलेल्या मुलीला स्थळं आपण होऊन येत. बँक नाही, पण एका पतसंस्थेत काउंटरवर लागले. तिथं बसून कळलं की काउंटरच्या आतल्या बाजूचं काम म्हणजे दिवसभर नाही म्हणणं. सही जुळत नाही, साहेब नाहीत, उद्या या. मला तर 'हो' ऐकायची चटक लागलेली. सोडली नोकरी. बाबा काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढं स्थळं येऊ लागली तेव्हा 'मुलगी काय करते?' या प्रश्नाला ते न चुकता 'शिकलेली आहे' असं उत्तर द्यायचे.

त्यानंतर मी काय काय विकलं ते सांगत बसत नाही. प्रेशर कुकर विकले, गणवेश विकले, आयुर्विमा विकला. विम्यानं फार शिकवलं. हातात धरून दाखवता येत नाही, वास नाही, रंग नाही, आणि घेणाऱ्याला त्याचा उपयोग बघायला मिळू नये अशीच सगळ्यांची इच्छा. तो विकला की बाकी सगळं सोपं. पण जीव रमला तो चादरीत.

सोलापुरी चादर विकायला सोपी असेल असं बाहेरच्यांना वाटतं, नाव एवढं मोठं आहे म्हणून. पण त्या नावामुळंच तर अडचण होते. कुठलंतरी हलक्या सुताचं, बाहेरगावी विणलेलं कापडही सोलापुरी म्हणून खपवतात. म्हणून तर चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं. मी मानांकनाबद्दल बोलत नाही, चादर उलटून दाखवते. जॅकार्डवर विणलेल्या या चादरीला वाया जाणारी बाजूच नसते. इकडं लालावर पांढरा मोर असेल तर तिकडं पांढऱ्यावर लाल. काठाला कारखान्याचं नाव विणलेलं असतं, ते एका बाजूनं नीट वाचता येतं आणि पलटली की आरशातल्यासारखं उलटं दिसतं. हे बघितल्यावर लहान पोरंही चादर दोनचारदा उलटीसुलटी करतात. पोराच्या हातात चादर गेली की मी थोडा वेळ गप्प बसते. मग काकांचं वाक्य काढते: पहिल्या धुण्यांना रंग सोडेल, वेगळी धुवा, आणि भिजली की जड होते, सासूबाईंना पिळायला लावू नका.

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा गावांतल्या भक्तनिवासांना चादरी लागतात. गठ्ठा घेऊन मी एसटीनं जायची. एकदा अक्कलकोटच्या गाडीत कंडक्टरनं सामानाचं वेगळं तिकीट काढायला लावलं. काढलं. अक्कलकोट यायच्या आत त्यानं दोन चादरी घेतल्या. भक्तनिवासात सुरुवातीला मी विश्वस्तांना भेटायचे. ते आदरानं बसवायचे, चहा द्यायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. नंतर लक्षात आलं की विचारायचं असतं ते कोठीवर चादरी मोजून घेणाऱ्या माणसाला. किती धुण्यांत विरते, दोरीवर किती वेळात वाळते, हे सगळं त्याला माहीत असतं. तो 'चांगली आहे' म्हणाला की विश्वस्त सही करतात.

निर्णय नक्की कोण घेणार हे ओळखण्यात चाटी गल्लीतल्या कापडवाल्यांचा हात कुणी धरू शकणार नाही. लग्नाचा बस्ता काढायला एक टेम्पो भरून माणसं येतात. नवरीकडचे, नवरदेवाकडचे, दोन्हींकडच्या मावश्या, आणि निव्वळ आईस्क्रीमसाठी आलेली पोरं. सगळे एकदम बोलत असतात, कुणी मराठीत, कुणी कानडीत, कुणी तेलुगूत. दुकानदाराला कानडीतलं 'एष्टु' आणि तेलुगूतलं 'एंता', म्हणजे 'किती', दोन्ही कळतात आणि भाव तो तिन्ही भाषांत सांगतो. पण त्याचं लक्ष बोलणाऱ्यांकडं नसतंच. तो साडीची घडी उलगडतो आणि बघतो की उलगडल्यावर सगळ्यांच्या नजरा साडीवरून उठून कुणाकडं जातात. बहुतेक वेळा भिंतीला टेकून बसलेली, एक शब्द न बोललेली कुणीतरी आत्या असते. पुढची साडी तिच्यासमोर उलगडली जाते आणि पहिला चहाही तिलाच मिळतो. मी नात्यातल्या किती बस्त्यांना केवळ हे बघायला गेले आहे. घासाघीस करायला मला घेऊन जातात, आणि मी दुकानदाराच्या बाजूनं मनातल्या मनात मान डोलवत बसते.

प्लॅस्टिकच्या डब्यांची पार्टी हा प्रकार आमच्याकडं आला तेव्हा मी अर्थातच हजर होते. टपरवेअर 1996 मध्ये भारतात आलं. कुणाच्या तरी हॉलमध्ये गोल खुर्च्या, मध्ये डबे, शेंगदाण्याचे लाडू, आणि झाकण दाबून हवा कशी काढायची याचं प्रात्यक्षिक. मला गड्ड्यावरचा किसणीवाला आठवला. मग या पार्टीचं मूळ शोधलं तर ते अमेरिकेतल्या ब्राउनी वाइज नावाच्या बाईपर्यंत गेलं. डबा बनवला अर्ल टपर यांनी. डबा उत्तम, पण दुकानात पडून राहायचा, कारण झाकण कसं लावायचं हे कुणी दाखवल्याशिवाय कळत नव्हतं. वाइज आणि तिच्यासारख्या काही जणी ते घराघरांत बायका जमवून दाखवत होत्या. शेवटी 1951 मध्ये टपर यांनी दुकानांतून माल काढूनच घेतला आणि विक्रीची सगळी सूत्रं तिच्याकडं दिली. 1954 मध्ये 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली बाई. 1958 मध्ये टपर यांनी तिला काढून टाकलं, वर्षभराचा पगार हातावर ठेवला, आणि त्याच वर्षी कंपनी विकून टाकली. डब्यावर नाव कुणाचं राहिलं ते आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात आहे. बाबा असते तर त्यांना ही गोष्ट सांगितली असती. ते काय म्हणाले असते हेही मला माहीत आहे: "डबा त्यानंच बनवला ना?"

आता गुडघे एसटीच्या पायऱ्यांना नको म्हणतात, म्हणून फोनवरून विकते. कडक भाकरी आणि शेंगा चटणी. पुण्यामुंबईत राहणाऱ्या सोलापूरकरांना दोन्हींची आठवण साधारण रविवारी संध्याकाळी होते, तेव्हा मी फोटो टाकते. ज्वारीची पातळ भाकरी करकरीत भाजून वाळवलेली असते, त्यामुळं प्रवासात टिकते, पण मोडते. तेही आधीच लिहून टाकते: चार तुकडे झालेले असतील, आमटीत मोडायचेच आहेत, दात सांभाळा. फोनवर गिऱ्हाईकाचे हात दिसत नाहीत, याची मात्र मला चांगलीच चीड येते. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे माणसानं वाचलं एवढंच कळतं. घ्यायचं मनात आलं होतं का, की परवडत नाही म्हणून पुढं गेला, हे कळायला खुणांचा उपयोग नाही.

परवा कोथरूडच्या एका ताईंचा फोन आला. भाकरी फार आवडली होती. "तुम्ही स्वतः करता सगळं?"

"नाही," मी म्हटलं. "करणाऱ्या बायका वेगळ्या. मी विकते."

पलीकडं जरा शांतता. त्यांना चुलीपुढची आजी हवी होती, हे मला समजत होतं. हो म्हटलं असतं तर आणखी दोन पाकिटं सहज गेली असती. मग त्या म्हणाल्या, "बरं. त्यांना सांगा, हाताला फार चव आहे म्हणावं." आणि पाच पाकिटं मागितली.

संध्याकाळी भाकरी करणाऱ्या अक्कांकडं गेले. त्या परातीत पीठ मळत होत्या. निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्यांनी वर न बघता विचारलं, "आणि पैसे?"

"आले की. गूगल पेवर. आधीच."

"मग सांगा की तसं," अक्का म्हणाल्या आणि पिठात आणखी पाणी ओतलं.