नाकारलेली किल्ली: डेबियनवर वायफाय आणि डिस्प्ले सुरू करण्याचा माझा अनुभव

नव्याने बसवलेल्या लिनक्सवर वायफाय सापडत नाही आणि पडद्यावरची अक्षरे फुगलेली दिसतात, या दोन तक्रारी सहसा वेगवेगळ्या मानल्या जातात आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळ्या ठिकाणी शोधली जातात. माझ्या लॅपटॉपवर दोन्हींचे मूळ एकच निघाले. ते मूळ दाखवणारा जो एकमेव संदेश यंत्राने दिला, तो इतका मोघम होता की त्याबद्दलचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

डेबियन या लिनक्स प्रणालीची १२ वी आवृत्ती बसवणे सोपे होते, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पहिल्यांदा सुरू करताना मात्र पडदा काळाच राहिला. तेव्हा ग्रबच्या (यंत्र सुरू होताना प्रणाली निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीवर ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला आणि एफ१० दाबले. या शब्दामुळे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ग्राफिक्स कार्डाचा ताबा घेत नाही आणि लॅपटॉपच्या फर्मवेअरने (आतच साठवलेल्या, सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) ठरवून दिलेल्या साध्या चौकटीतच चित्र उमटते. डेस्कटॉप दिसला, पण तो १०२४ × ७६८ मध्ये, आणि माझा पडदा १९२० × १०८० चा आहे. मी मराठी मजकुराचे मुद्रितशोधन करते. ताणलेल्या, धूसर अक्षरांत रफारावरचा अनुस्वार आहे की नाही हेच कळत नसेल, तर असा पडदा माझ्या काही उपयोगाचा नाही. शिवाय उजेड कमीजास्त होत नव्हता आणि बाहेरचा मॉनिटरही ओळखला जात नव्हता. ‘नोमोडसेट’ हा केवळ आत शिरण्यापुरता मार्ग आहे, तिथेच मुक्काम करू नये.

वायफायसाठी टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ हा कार्डांची यादी देणारा आदेश ‘एनएनके’ या पर्यायासह दिला. कार्ड यादीत होते, पण त्याच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नव्हती, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम (ड्रायव्हर) त्याला जोडलेला नव्हता. ही ओळ नसेल तर राउटर आणि पासवर्ड तपासण्यात वेळ घालवू नये. ओळ असेल आणि ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, कार्डाचे फर्मवेअर (कार्डात भरायचा प्रोग्राम) सापडत नसल्याची नोंद असेल, तर दुखणे वेगळे असते. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने ठरवल्यापासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळते आणि २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ती सोय लागू झाली आहे. परंतु ज्या कार्डांचा ड्रायव्हरच ‘नॉन-फ्री’ (मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरच्या) विभागात आहे, त्यांना या निर्णयाचा लाभ होत नाही. माझे वायफाय कार्ड त्याच जातीचे, आणि ग्राफिक्स कार्डाचीही तीच गत.

इंटरनेटसाठी इंटरनेटच हवे, ही अडचण फोनने सोडवली. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की बहुतेक वेळा कोणताही ड्रायव्हर न घालता जोडणी मिळते. पॅकेजांच्या स्रोतांत ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ हे विभाग जोडले, ड्रायव्हर तयार करायला लागणारे ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेज घेतले आणि मग दोन्ही ड्रायव्हर बसवले. डीकेएमएस या साधनाने माझ्या कर्नलसाठी त्यांची मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये घालायचे भाग, तयारही केली, कुठेही चूक दाखवली नाही.

आणि मग ‘मॉडप्रोब’ हा मॉड्यूल आत घालण्याचा आदेश दिल्यावर ती ओळ आली: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’.

कोणती किल्ली, कोणती सेवा, नाकारले कोणी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नाही. वायफाय जोडण्यासाठी झटणाऱ्या माणसाला ‘की’ म्हटले की राउटरचा पासवर्डच आठवणार. ‘सर्व्हिस’ म्हटल्यावर नेटवर्कची सेवा बंद पडली असावी, असे वाटणेही स्वाभाविक आहे. मीही नेटवर्क मॅनेजर पुन्हा सुरू केला, पॅकेजे काढून पुन्हा घातली, आणि प्रत्येक वेळी तीच ओळ वाचली. ग्राफिक्सच्या मॉड्यूलनेही नेमका तोच संदेश दिला, तेव्हा मात्र हे नेटवर्कचे प्रकरण नाही याची खात्री पटली. ‘डीमेसेज’मध्ये अधिक स्पष्ट नोंद होती: मॉड्यूलवरच्या सहीची किल्ली उपलब्ध नसल्याने ते नाकारले आहे.

हा सगळा सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीची सही नसलेले प्रोग्राम यंत्र सुरू होताना अडवणाऱ्या सोयीचा परिणाम. लॅपटॉपचे फर्मवेअर मायक्रोसॉफ्टची सही असलेला ‘शिम’ हा छोटा प्रोग्राम चालू देते, शिम डेबियनची सही असलेले ग्रब आणि कर्नल चालू देतो, आणि कर्नल केवळ ओळखीच्या सहीची मॉड्यूल आत घेतो. डीकेएमएसने घरच्या घरी तयार केलेल्या मॉड्यूलवर सही असते, पण ती यंत्राच्या ओळखीची नसते. ‘सिक्युअर बूट बंद करून टाका’ हा सल्ला जो-तो देतो आणि मला तो बेजबाबदार वाटतो. याच लॅपटॉपवर बिटलॉकरने कुलूपबंद केलेले विंडोजही असेल, तर सिक्युअर बूटची स्थिती बदलताच ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती जवळ नसणाऱ्याचे काय होईल, याचा विचार असा सल्ला देणारे करत नाहीत.

योग्य उपाय म्हणजे डीकेएमएस ज्या किल्लीने सही करते त्या आपल्या किल्लीची (‘मॉक’, म्हणजे मशीन ओनर की, यंत्रमालकाची किल्ली) यंत्राशी ओळख करून देणे. ‘व्हार-लिब-डीकेएमएस’ या फोल्डरमधली ‘मॉक डॉट पब’ ही फाइल ‘मॉकयुटिल’ या आदेशाने आयात करायची, तात्पुरता पासवर्ड द्यायचा आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि कोणतेही बटण दाबण्यासाठी १० सेकंद देतो. तो काय विचारतो आहे हे वाचेपर्यंत मोजणी संपते, यंत्र जणू काही झालेच नाही असे पुढे सुरू होते, आणि किल्लीची विनंती रद्द होऊन आयात पुन्हा करावी लागते. या पडद्याची पूर्वसूचना मला कोणत्याही टप्प्यावर मिळाली नव्हती, आणि इतक्या महत्त्वाच्या परवानगीसाठी १० सेकंद हा अवधी अन्यायकारक आहे. म्हणून पुन्हा सुरू करताना बोट बटणावर ठेवूनच बसावे. पुढे ‘एनरोल मॉक’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, आणि शेवटी तो पासवर्ड. तिथे टाइप केलेले काही दिसत नाही आणि कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो, त्यामुळे पासवर्डात चिन्हे न ठेवता साधी रोमन अक्षरे व अंक ठेवावेत. मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर आयातीपूर्वीच इंग्रजीवर यावे, हे आधी सांगायला हवे होते.

किल्ली नोंदली गेल्यावर ग्रबच्या कायमच्या सेटिंगमध्ये मी मधल्या काळापुरता ठेवलेला ‘नोमोडसेट’ काढून ‘अपडेट-ग्रब’ चालवले. पुढच्या सुरुवातीला वायफायची यादी समोर होती, पडदा पूर्ण १९२० × १०८० वर होता, आणि मी सर्वांत आधी एक मराठी पान उघडून त्यातला प्रत्येक रफार आणि अनुस्वार डोळे भरून पाहिला.

कर्नलची नवी आवृत्ती आली की हेडर्सचे पॅकेज सोबत अद्ययावत होते आणि डीकेएमएस त्याच किल्लीने मॉड्यूलवर सही करते, त्यामुळे निळा पडदा पुन्हा येत नाही. डेबियन नव्याने बसवले तर मात्र किल्ली नवी तयार होते आणि नोंदणीही नव्याने करावी लागते. जुनी किल्ली फर्मवेअरच्या स्मृतीत राहिलेली असते. ती ‘मॉकयुटिल’च्या ‘डिलीट’ पर्यायाने काढता येते, पण त्यासाठी ती फाइल हाताशी असावी लागते, म्हणून ‘मॉक डॉट पब’ची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी.