साडेचार भुंगे

नववीच्या बीजगणितातील करणीचा पाठ दरवर्षी हशानेच सुरू होतो. फळ्यावर शब्द लिहून मी वर्गाकडे वळेपर्यंत मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झालेली असते, कारण देवगड तालुक्यातील आमच्या सड्यावरच्या गावात करणी म्हणजे कोणीतरी कोणावर तरी केलेली आणि मग गाऱ्हाणे घालून उतरवावी लागणारी बाब. तो हशा मी दाबत नाही. तो ओसरला की त्याच शब्दाचा एक फार जुना अर्थ सांगते. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन शुल्बसूत्रांत शुल्ब म्हणजे दोरी, आणि करणी म्हणजे चौरस उभा करणारी बाजू, अर्थात तेवढ्या लांबीची ताणलेली दोरी. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस जिच्यावर उभा राहतो ती द्विकरणी, आणि तिप्पट क्षेत्रफळाचा जिच्यावर उभा राहतो ती त्रिकरणी. आज आपण ज्यांना √२ आणि √३ म्हणतो, त्या मुळात दोऱ्या होत्या.

पावसाने एखाद्या दुपारी उघडीप दिली की मी वर्गाला मैदानात नेते. दोरीची आमच्याकडे वाण नाही. कोणाच्याही पडवीत सुंभाचे वेटोळे सापडते. ओल्या तांबड्या मातीत चार खुंट्या ठोकून एक मीटर बाजूचा चौरस आखायचा, त्याच्या कर्णावर सुंभ ताणून धरायचा, गाठ मारायची आणि त्याच गाठीएवढ्या बाजूचा दुसरा चौरस शेजारी आखायचा. पहिल्या चौरसाचे कर्णाने दोन त्रिकोण होतात, आणि दुसऱ्यात तसे चार त्रिकोण बसतात, हे मुले स्वतः रेघा मारून पाहतात. त्यानंतर शुल्बसूत्रकार बौधायनाची कर्ण काढण्याची कृती येते: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला तर ५७७/४०८ मिळतात. एक किलोमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण या अपूर्णांकाने काढला, तर चूक जेमतेम दोन मिलिमीटरची होते. गाठ मारताना आमच्या सुंभाचे जे तंतू सुटतात ते याहून जाड असतात, असे मी म्हणते, आणि ते बहुधा खरे नसते. पण मुलांना चुकीचा आकार तेवढ्याने कळतो.

हा सगळा खटाटोप मी इतिहासाच्या प्रेमापोटी करत नाही. मुलाच्या हातात √२ एकदा दोरी म्हणून आली, की ती लांबी आहे आणि लांबी ऋण नसते, ही गोष्ट त्याच्या बोटांत राहते. पुढे दहावीत तिचाच उपयोग होतो.

करणीचिन्हाच्या आडव्या रेघेबद्दल मात्र मी फार बोलत नाही. क्रिस्टोफ रुडोल्फ या जर्मन गणितज्ञाने १५२५ मध्ये √ हे चिन्ह छापले तेव्हा त्याला वरची रेघ नव्हती. ती फ्रेंच गणितज्ञ देकार्तने १६३७ मध्ये जोडली. म्हणजे ‘वर्गमूळ नक्की कशाकशाचे?’ हा घोळ शंभरहून अधिक वर्षे मोठमोठ्यांनाही पुरला होता. तेव्हा आखूड रेघ काढणाऱ्या मुलावर ओरडण्यात अर्थ नाही, त्याला रेघ लांब करायला लावावी आणि पुढे जावे.

खरा गुंता चिन्हाच्या अर्थात आहे. नऊची वर्गमूळे दोन, ३ आणि −३, हे आपण आठवीत शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण √९ असे लिहिले की त्याचा अर्थ फक्त ३, कारण ते चिन्ह धन वर्गमूळासाठी राखून ठेवलेले आहे. ऋण वर्गमूळ हवे असेल तर −√९ असे लिहावे लागते. ‘नऊची वर्गमूळे’ आणि ‘√९’ यांतला हा फरक आपण शिक्षक ओझरता सांगतो, मुले तो तितकाच ओझरता ऐकतात, आणि समीकरणात वर्गमूळ येईपर्यंत कोणाचेही काही बिघडत नाही.

दहावीची वर्गसमीकरणे संपली की मी दोन तासिका वर्गमूळ असलेल्या समीकरणांसाठी काढते. परीक्षेच्या दृष्टीने त्या दोन तासिका फुकट गेल्या असे म्हणता येईल, आणि मुले ते मला दरवर्षी ऐकवतात. √(क्ष + ६) = क्ष हे समीकरण घेऊ. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ० मिळते, अवयव पडतात, आणि उत्तरे येतात ३ आणि −२. तीन ठेवून पाहिले तर √९ = ३, सारे जुळते. उणे दोन ठेवले तर डावीकडे √४ म्हणजे २ येतात आणि उजवीकडे −२ उरतात.

काही वर्षांपूर्वी एका वहीत मी या दुसऱ्या उत्तराचा ताळा ‘√४ = −२, म्हणून डावी बाजू = उजवी बाजू’ असा लिहिलेला पाहिला, आणि त्यावर माझ्याच लाल शाईची बरोबरची खूण होती. वही परत देऊन झाल्यावर, दुसऱ्याच मुलीने तेच उदाहरण विचारले तेव्हा ती चूक माझ्या लक्षात आली. वह्यांचा गठ्ठा उरकताना मी ताळ्याच्या शेवटच्या ओळीवर नजर टाकत असे, आणि ती ओळ सगळ्यांचीच सारखी असते. मुलांना ताळा म्हणजे आरतीनंतरच्या मंत्रपुष्पासारखा वाटतो, म्हटला की झाले, आणि ती सवय त्यांना माझ्यासारख्यांनीच लावलेली असते. शेवटची ओळ आली की अर्धा गुण, असा माझा शिरस्ता होता.

तेव्हापासून मी ताळ्याला वेगळे गुण देत नाही. या प्रकारच्या समीकरणात ताळा हा उदाहरणाचाच भाग आहे, आणि त्याचे कारण गणिती आहे. दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्ग समान असतात; पण वर्ग समान असले म्हणून संख्या समान असतीलच असे नाही, त्या एकमेकींच्या विरुद्ध चिन्हाच्याही असू शकतात. म्हणून वर्ग करताक्षणी आपण एका समीकरणाऐवजी दोन समीकरणे एकदम सोडवू लागतो: √(क्ष + ६) = क्ष हे आपले, आणि −√(क्ष + ६) = क्ष हे न सांगता आत आलेले. उणे दोन हे त्या दुसऱ्याचे अगदी बरोबर उत्तर आहे. मुलाने आकडेमोडीत कुठेही चूक केलेली नसते, आणि हेच त्याला सर्वांत जास्त खटकते. चूक नसताना उत्तर चुकते म्हणजे काय, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला सांगायचे ते एवढेच की हे उत्तर शेजारच्या घरचे आहे.

हे पटवायला माझ्याकडे भास्कराचार्यांची दोन उदाहरणे आहेत. त्यांचा सिद्धान्तशिरोमणी ११५० चा, आणि लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग. बीजगणितात वानरांचे एक उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरते त्याच्या वर्गाएवढे वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर चढलेला दिसला, तर वानर किती? नारळ आणि आंब्याच्या बागा राखणाऱ्या घरांतील मुलांना या गणिताची गोडी लावावी लागत नाही. कळप मोजणे हा त्यांच्या घरचा रोजचा विषय असतो. उत्तरे येतात ५० आणि ५. पन्नासांचा पाचवा भाग दहा, वजा तीन सात, सातांचा वर्ग एकोणपन्नास, आणि फांदीवरचा एक. पाचांचा पाचवा भाग मात्र एक, आणि त्यातून तीन वजा केले की उणे दोन वानर उरतात. त्यांचा वर्ग चार, आणि फांदीवरचा एक धरून पाच होतातही. भास्कराचार्यांनी हे दुसरे उत्तर नाकारले आहे, कारण ऋण झालेल्या प्रत्यक्ष राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. हेच उदाहरण √(क्ष − १) = क्ष/५ − ३ असे मांडले, की पाच हे उत्तर ताळ्यातच पडते: डावीकडे २, उजवीकडे −२.

दुसरे उदाहरण लीलावतीतले. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीच्या वेलीकडे गेले, एकंदर थव्याचे आठ नवमांशही गेले, आणि एक जोडी उरली. रात्री कमळात अडकलेला भुंगा आणि बाहेर गुणगुणणारी त्याची भुंगी. थव्यात भुंगे ७२: छत्तिसांचे वर्गमूळ सहा, आठ नवमांश म्हणजे चौसष्ट, आणि दोन. पण वर्ग करून सोडवले तर दुसरे उत्तर येते साडेचार. गेल्या वर्षी ते फळ्यावर आले तेव्हा शेवटच्या बाकावरून स्पष्ट आवाजात प्रश्न आला, “बाई, अर्धो भुंगो खंयसून इलो?” तो अर्धा भुंगा खरोखर कुठून आला हे शोधण्यात उरलेली तासिका गेली. निम्मा थवा सव्वादोन, त्याचे वर्गमूळ दीड. ते दीड उणे धरले तर हिशेब साडेचारांवर तंतोतंत जुळतो, अधिक धरले तर साडेसात होतात.

या गोष्टी सांगण्याचा एक तोटाही आहे, आणि तो मला उशिरा कळला. वानर आणि भुंगे ऐकलेली मुले पुढे दोन उत्तरांतले एक न बघताच टाकू लागतात. लहान असेल ते, नाहीतर ऋण असेल ते. म्हणून मी आता √(४क्ष − ३) = क्ष देते, ज्याची १ आणि ३ ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि त्यापाठोपाठ √(२ − क्ष) = क्ष + ४, ज्यात −२ आणि −७ येतात आणि उणे दोन खरे ठरते. पहिल्या वेळी अर्ध्या वर्गाने १ टाकून दिला होता. उणे दोन तर जवळजवळ सगळ्यांनीच टाकला, आणि काहींनी सात उणे असूनही ठेवला.

गृहपाठाचे शेवटचे उदाहरण √(क्ष + ३) + २ = ० हे असते. बहुतेक वह्यांत दोन नीट बाजूला नेलेले असतात, वर्ग केलेला असतो, क्ष = १ आलेला असतो, आणि काहींत ताळा करून तो खोडलेलाही असतो. गेल्या वर्षी एका मुलीने आकडेमोड केलीच नव्हती. उदाहरण उतरवून तिने खाली एक ओळ लिहिली होती: ‘दोरीत दोन मिळवून शून्य कसे होईल?’