जुना जपानी कॅमेरा: भाव कशाला येतो, कशाला नाही

जुन्या नाशकातल्या वाड्याचं कपाट आवरताना एखादा याशिका (जपानी कंपनीचा फिल्म कॅमेरा) निघाला की प्रश्न ठरलेला: "ह्याचे किती येतील?" बहुतेक वेळा फारसे नाहीत. याशिका इलेक्ट्रो 35 किंवा पेंटॅक्स के1000 हे लाखांनी विकले गेलेले कॅमेरे. पन्नास वर्षं उलटली एवढ्यानं काही दुर्मीळ होत नाही.

संग्राहक पैसे मोजतो ते बारीक फरकांसाठी. निकॉन एफ घ्या. वरच्या प्लेटच्या मागच्या बाजूला नंबर कोरलेला असतो. तो 64 ने सुरू झाला की विकणारा बिनधास्त '1964 चा' म्हणून सांगतो. चूक. 1959 मध्ये पहिला एफ आला तोच 6400001 पासून. म्हणजे 64 पुढचे आकडे जितके लहान, तितका कॅमेरा जुना आणि महाग. अगदी सुरुवातीच्या शंभरेक कॅमेऱ्यांत शटरचा (फिल्मवर पडणारा उजेड उघडझाक करणारा) पडदा कापडी होता, नंतर टायटॅनियमचा आला. तळाची किल्ली फिरवून मागचं झाकण काढा, पडदा समोरच दिसतो.

काळ्या एफला क्रोमपेक्षा (चांदीसारख्या चकचकीत मुलाम्याच्या एफपेक्षा) जास्त भाव, त्यामुळे क्रोमवर काळा रंग मारून विकण्याचे उद्योगही चालतात. कारखान्यातून काळा निघालेल्या कॅमेऱ्याचा रंग थेट पितळेवर असतो, म्हणून कडा झिजल्या की पिवळं दिसतं. झिजलेल्या जागी चांदीसारखं चमकलं तर खाली क्रोम आहे. पण क्रोम खरवडूनही रंगवतात, म्हणून कोरीव अक्षरं आणि स्क्रूच्या खाचा भिंगाखाली बघा: अक्षरांत रंग साचलेला किंवा खाचा ओरबाडलेल्या असतील तर विचारलेली किंमत देऊ नका.

ऑलिंपसचं कोडं सोपं. 1972 मध्ये आलेल्या कॅमेऱ्यावर फक्त 'एम-1' होतं. लायका या जर्मन कॅमेरा कंपनीनं हरकत घेतल्यावर नाव ओएम-1 झालं. एम-1 लिहिलेल्यालाच जास्तीचे पैसे. मात्र व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) काळे डाग असतील तर प्रिझमवरच्या (तिथलं चित्र सरळ दाखवणाऱ्या काचेवरच्या) कुजलेल्या फोमनं तिचा चांदीचा मुलामा खाल्ला, असं समजा.

आता नाशिकचा पावसाळा. चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवलेला कॅमेरा म्हणजे फंगसला (लेन्सवरच्या बुरशीला) आमंत्रण; चामडं ओल धरून ठेवतं. तपासायचं असं: शटर बी वर (बटण दाबून धरलं तोवर उघडं राहतं), अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक पूर्ण उघडं, मागचं झाकण उघडून बटण दाबून धरा, पुढून टॉर्च मारा आणि मागून लेन्समधून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस. वरवरचं असेल तर साफ होतं. काचेवरच्या कोटिंगमध्ये खोल गेलं असेल तर ठसा राहतोच.

इलेक्ट्रो 35 मध्ये वेगळीच भानगड. आतला रबरी पॅड कुजला की फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढताना येणारा 'ठक्' आवाज बंद होतो आणि एक्स्पोजर (फिल्मला मिळणारा उजेड) चुकायला लागतं. त्याचा मूळ 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. 6 व्होल्टचा सेल स्प्रिंग लावून बसवतात. निकॉन-ऑलिंपसच्या जुन्या (उजेड मोजणाऱ्या) मीटरांना 1.35 व्होल्ट लागतात. तिथे साधा 1.5 व्होल्टचा सेल घातला की मीटर चुकीचं दाखवतं. कानाच्या मशीनचा 675 नंबरचा सेल बराच जवळ जातो, मेडिकलमध्येही मिळतो.

ठेवायचा तर केस बाजूला काढून, घट्ट झाकणाच्या पाच लिटरच्या डब्यात, सोबत साधारण 100 ग्रॅम सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर वाळवून परत टाका. विकायचा असेल तर ब्रासो, सँडपेपर, नवं चामडं यातलं काहीही करू नका. तसाच धुळीचा कॅमेरा, नंबरचा स्पष्ट फोटो आणि टॉर्च मारून काढलेला लेन्सचा फोटो, एवढं जाणकार गिऱ्हाइकाला पुरतं.