इटालियनची नोंद : विचारता येतं, ऐकताना घोडं अडतं

इटालियनमधून पत्ता विचारायचा सराव चाललाय, त्यातली प्रश्नाची बाजू एकदाची सुटली. 'स्कूझी, पेर ला स्तात्सिओने?' (माफ करा, स्टेशनकडे कसं जायचं?) म्हटलं की व्हेनिसमधली माणसं इंग्रजीकडे न वळता इटालियनमध्येच उत्तर देतायत. 'दोव्हे'चा (कुठे) नाद सोडून 'पेर'ने (-कडे) सुरुवात कर असं सुचवणाऱ्यांना दंडवत! त-द तर आपले दंत्यच, आणि 'द्रित्तो'तलं (सरळ) जोडाक्षर 'पत्ता' म्हणणाऱ्याला जड का जावं?

घोडं अडलंय उत्तरापाशी. अ‍ॅपने माझ्याकडून 'जीरा' (वळ) आणि 'प्रेन्दी' (घे) घोटून घेतलं. रस्त्यावरचा अनोळखी माणूस मात्र अहो-जाहोत बोलतो : 'जीरी', 'प्रेन्दा'. शेवटचे आ-ई नेमके उलटे! कान त्या शेपटात अडकतो, तोवर 'आ देस्त्रा' (उजवीकडे) कधीच निघून गेलेलं असतं. पैसे मोजून घेतलेल्या अ‍ॅपमध्ये आदरार्थी आज्ञार्थ पार शेवटच्या पातळीवर ठेवलाय. हा क्रम लावणाऱ्याला परक्या गावात कधी पत्ता विचारावा लागला नसावा.

त्यात हे शहर. घरक्रमांक गल्लीप्रमाणे नाहीत, सहा सेस्तिएरींपैकी (शहराचे विभाग) प्रत्येकाची एकच सलग मोजणी, आकडे हजारांत. 'काल्ले देल फोर्नो' नावाच्या गल्ल्याही एकाहून जास्त. म्हणून पत्ता दाखवणं बंद. चर्च नाहीतर काम्पो (चौक) विचारायचं. 'पेर ई फ्रारी?' (फ्रारी चर्चकडे?) म्हटल्यावर हात लगेच वर होतो.

आज्ञार्थाचा अख्खा तक्ता आंकीत (पाठांतराची कार्डं बनवायचं अ‍ॅप) भरायचा बेत होता, तो रद्द. शेपूट सोडून द्यायचं आणि देस्त्रा (उजवं), सिनिस्त्रा (डावं), पोन्ते (पूल), इन फोन्दो (टोकाला) एवढेच शब्द टिपायचे. कार्डाच्या पुढच्या बाजूला नुसता आवाज, मागे मराठी अर्थाऐवजी बाण. बाण काढायला लागल्यापासून वेग खरंच वाढलाय. काल एका आजोबांची लांबलचक वाट पहिल्या फटक्यात कळली, अगदी सोतोपोर्तेगोसकट (इमारतीखालून जाणारी वाट)! त्या खुशीत उभ्या-उभ्या एक एस्प्रेसो.

हे लिहिताना आणखी एक सुचलं : ऐकलेलं तिथेच परत म्हणून दाखवायचं, 'क्विंदी आ सिनिस्त्रा, पोई इल पोन्ते?' (म्हणजे डावीकडे, मग पूल?) चुकलं तर समोरचाच दुरुस्त करेल, आणि दुसऱ्यांदा तो हळू बोलेल. मग बाणांची कार्डं थोडी कमी केली तरी चालतील.

पुढे फिरेन्झे (फ्लॉरेन्स). तिथे दुकानांचे क्रमांक लाल आणि घरांचे वेगळे, त्यामुळे 12 आणि 12 लाल शेजारी असतीलच असं नाही. 'रोस्सो'चं (लाल) कार्ड आजच बनवते.